सहावं यंत्र

काटेवाल्यांची मुलगी वर्षाची असताना तिला पहिल्यांदा सणकून ताप आला. घरात थर्मामीटर होता. काटेवाल्यांनी तो आधी स्वतःला लावला, मग बायकोला लावला, मग शेजारून दुसरा मागून आणला आणि दोन्ही एकाच वेळी कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवून दोघांत किती फरक येतो ते पाहिलं. फरक आला. कोण खोटं बोलतंय हे ठरवायला तिसरा हवा, म्हणून ते औषधांच्या दुकानात गेले. परत आले तेव्हा बायको मुलीला डॉक्टरांना दाखवून, औषध पाजून, झोपवून चहा घेत बसली होती. तिने शांतपणे विचारलं, "मग, कोणता खरा निघाला?"

त्या प्रश्नातला टोमणा काटेवाल्यांच्या लक्षात आला नाही. त्यांनी तिघांचं कोष्टक काढून दाखवलं.

त्यांचा धंदाच तसा. दुकानावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव आहे, पण ते त्यांच्या टपाल आणणाऱ्या माणसालासुद्धा आठवत नाही. सगळ्या बाजारात ते काटेवाले. वजनकाटे दुरुस्त करायचे, तपासायचे आणि बरोबर असले तर शिशाची मोहर लावून परत द्यायचे, हे काम ते तीस-बत्तीस वर्षं करत आलेत. सोनाराचा श्वासानेही हलणारा काटा, पिठाच्या गिरणीतला पांढरा झालेला काटा, दवाखान्यातला माणसं उभी राहतात तो काटा, सगळे त्यांच्या टेबलावर येऊन गेलेले. टेबलाच्या खणात मखमलीचं अस्तर लावलेली एक लाकडी पेटी आहे. तिच्यात पितळी वजनं, मोठ्यापासून मिरीच्या दाण्याएवढ्यापर्यंत, ओळीने निजलेली. ही प्रमाण वजनं. त्यांना हात लावायचा नाही, चिमट्यानेच उचलायचं, कारण बोटाचा घाम वजनात भर घालतो. दर दोन वर्षांनी ही पेटी सरकारी प्रयोगशाळेत नेऊन तपासून आणावी लागते. त्या दिवशी काटेवाले बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसतात आणि खड्डा आला की ती दोन्ही हातांनी उचलून धरतात. मुलगी तान्ही असताना तिलाही ते असंच धरायचे, असं त्यांची बायको सांगते. फरक इतकाच की मुलगी रडायची.

ज्या उस्तादांकडे ते काम शिकले, त्यांचा एक नियम होता, आणि तो काटेवाल्यांनी गिऱ्हाइकांना, शिकाऊंना आणि दुकानात गृहपाठ करत बसणाऱ्या आपल्या लेकीला शंभरदा ऐकवला होता. पाच वजनं एक सांगत असली आणि सहावं वेगळं सांगत असलं, तर भांडत बसायचं नाही. सहावं उचलायचं आणि दुरुस्तीच्या डब्यात टाकायचं. मग ते कुणाचं का असेना.

तर अशा माणसाची ही मुलगी मोठी झाली, शिकली आणि जनावरांची डॉक्टर झाली.

झाली ते झाली, तिला नोकरीही लागली. चौऱ्याण्णव किलोमीटरवर, डोंगरापलीकडे, गाईगुरांच्या दवाखान्यात. नेमणुकीच्या पत्रात दोन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं. आणि स्वतःचं चारचाकी वाहन हवं, कारण एका गोठ्यापासून दुसऱ्या गोठ्यापर्यंत आडवाटेने फिरावं लागतं. यातलं एक जरी जमलं नाही, तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. आठवडाभर तिथल्याच खोलीत राहायचं आणि शनिवारी घरी यायचं, असं तिने ठरवूनही टाकलं होतं.

वाहन होतं. काटेवाल्यांची निळी गाडी जुनी असली तरी तब्येतीने ठणठणीत होती. मुलीला चालवताही येत होती. परवाना मिळून चार वर्षं झाली होती. मात्र त्या चार वर्षांत ती एकदाही एकटी गाडीत बसली नव्हती. शेजारच्या सीटवर वडील असायचेच आणि पुढचं वाहन अर्धा मैल लांब असलं तरी त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. त्या बाजूचं रबरी पायपुसणं झिजून त्याला भोक पडलं होतं. चालवणाऱ्याच्या बाजूचं नवंकोरं होतं.

पत्र आल्यावर काटेवाले नाही म्हणाले नाहीत. त्या घरात नाही असा शब्दच नव्हता. त्याऐवजी 'आधी तपासू' असं म्हणायची पद्धत होती. ते म्हणाले की डोंगराच्या अलीकडच्या बोगद्यापर्यंतच मोबाइलला रेंज असते, हे त्यांनी दोघातिघांकडून खात्री करून घेतलंय. तेव्हा फोनमधला नकाशा तिथे कामाचा नाही. गाडीत लावायचा वेगळा जीपीएस हवा, ज्याच्या पोटातच सगळे नकाशे असतात, ज्याला रेंज लागत नाही. असा एक जीपीएस तपासून पसंत पडला की गाडीची किल्ली तिची.

मुलीला ही अट वाजवी वाटली. महिनाभर हातात होता. एक डबी विकत घ्यायला कितीसा वेळ लागतो, असं तिला वाटलं. बायकोला मात्र थर्मामीटर आठवले आणि ती स्वयंपाकघरात गेली.

गाड्यांचं सामान विकणारा बॅटरीवाला काटेवाल्यांचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या काउंटरवर पाच कंपन्यांची पाच यंत्रं होती. काटेवाल्यांनी पहिलं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं की हे बरोबर दाखवतं हे कशावरून. बॅटरीवाला म्हणाला, उपग्रहावरून.

"आणि उपग्रह कोण तपासतं?"

बॅटरीवाल्याने त्या दिवशी आणखी तीन गिऱ्हाइकं सोडून दिली, पण याचं उत्तर काही त्याला देता आलं नाही. शेवटी तो म्हणाला, काटेवाले, तुम्ही पाचही घेऊन जा, एकेक लावून बघा, ओरखडा पडू देऊ नका आणि मला माझं दुकान चालवू द्या.

काट्याची परीक्षा घ्यायची तर ज्याचं वजन पक्कं ठाऊक आहे अशी वस्तू त्यावर ठेवतात. तेव्हा जीपीएसची परीक्षा घ्यायची तर जो रस्ता पक्का ठाऊक आहे त्यावर त्याला चालवावं, हे ओघानंच आलं. काटेवाल्यांना जगातला एकच रस्ता असा पक्का ठाऊक होता. दुकान ते घर. सव्वीस वर्षं रोजचा. बाजारातून निघायचं, पोस्टावरून डावीकडे, पाण्याच्या टाकीच्या चौकात सरळ, मग शाळेला वळसा घालून, बेकरीमागून घर. पाच किलोमीटर आणि शंभर मीटर. हे अंतर त्यांनी गाडीच्या आकड्यावर मोजलं होतं, आणि गाडीचा आकडा एकदा रविवारी पहाटे रस्ता रिकामा असताना फीत लावून तपासला होता. फितीचं दुसरं टोक धरून बायको उभी होती. दूधवाल्याने तिला विचारलं होतं की वहिनी, घर विकताय का.

पहिल्या यंत्रात एक कडक आवाजाची बाई होती. मुख्याध्यापिका असावी तशी. पोस्टापर्यंत तिचं आणि काटेवाल्यांचं चांगलं जमलं. टाकीच्या चौकाच्या अलीकडे ती म्हणाली, उजवीकडे वळा. काटेवाले सरळ गेले. ती म्हणाली, शक्य होताच मागे वळा. काटेवाले शाळेपर्यंत गेले. ती चार वेळा मागे वळा म्हणाली, प्रत्येक वेळी आदल्यापेक्षा दुखावल्यासारखी. घरी येऊन त्यांनी वहीत लिहिलं: 'यंत्र क्रमांक एक. टाकीच्या चौकात चूक.'

दुसरं यंत्र फारसं बोलत नव्हतं, शिट्ट्या मारायचं. त्यानेही टाकीच्या चौकात उजवा बाण दाखवला आणि ते सरळ गेल्यावर घर येईपर्यंत शिट्ट्या मारत राहिलं. एका वाहतूक पोलिसाने वळून पाहिलं. तिसऱ्यात मवाळ आवाजाची बाई होती. तीही उजवीकडेच म्हणाली. चौथ्याचा पडदा पाटीएवढा मोठा होता. त्यावर वाटेतले पेट्रोलपंप, दवाखाने, हॉटेलं, सगळं दिसायचं. फक्त दुपारचं ऊन पडलं की रस्ता दिसेनासा व्हायचा आणि काटेवाल्यांना त्यात स्वतःची हनुवटी दिसायची. पाचवं सगळ्यात महागाचं. ते गाडी सुरू करताच आपले नकाशे जुने झाल्याची तक्रार करायचं, वेग बदलला की तो सांगायचं, आणि टाकीच्या चौकात इतर चौघांप्रमाणे उजवीकडे वळायला सांगायचं.

एकदा तपासून निकाल देतील तर ते काटेवाले कसले. सकाळच्या आणि दुपारच्या हवेत काट्याचा निकाल बदलतो, म्हणून प्रत्येक यंत्राच्या सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशा फेऱ्या झाल्या. ते चौकात सरळ गेल्यावर यंत्र काय म्हणालं, किती वेळा म्हणालं, नवा रस्ता दाखवायला किती सेकंद लागले, हे सगळं मनगटी घड्याळ लावून वहीत उतरलं. तीन आठवडे गेले. वहीची चाळीस पानं भरली आणि प्रत्येक पानाच्या तळाशी 'चूक' हा शब्द सुंदर अक्षरात लिहिलेला होता.

ते बॅटरीवाल्याकडे गेले आणि सगळा माल सदोष आहे असं त्याला कळवलं. पाचही, त्याने विचारलं. पाचही, काटेवाले म्हणाले, आणि एकाच जागी, तेव्हा बहुधा एकाच कारखान्यात बनलेले असणार. बॅटरीवाल्याने पाच खोके समोर मांडून पाच कंपन्यांची पाच नावं वाचून दाखवली.

"मग संगनमत," काटेवाले म्हणाले.

घरी त्यांच्या बायकोची तयारी वेगळ्याच अंगाने चालली होती. काळजी करते असं तिने कधी तोंडाने कबूल केलं नसतं. ती पिशव्या भरत होती. गाडीच्या डिकीत आधी एक टॉर्च गेला, मग तो बंद पडला तर म्हणून दुसरा, मग दोर, घोंगडी, मलमपट्टीचा डबा, पाण्याचे दोन कॅन, शिट्टी आणि एक जुनी छत्री. मुलीने विचारलं की शिट्टी कशाला. आई म्हणाली, असू दे, दुसऱ्या क्रमांकाच्या यंत्राला सोबत होईल. पण त्याच दुपारी मुलीने तिला दोरीच्या गाठी ओढून ओढून तपासताना पाहिलं होतं, आणि आपल्या घरात तपासणारं माणूस एकच नाही हे तिच्या ध्यानात आलं होतं.

असं करता करता शुक्रवार उजाडला. सोमवार तीन दिवसांवर होता. यंत्रं पाच होती, पसंत एकही नव्हतं आणि काटेवाले म्हणत होते की शेजारच्या शहरात आणखी दोन कंपन्यांची मिळतात असं ऐकलंय.

मुलगी दुकानात आली आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत लहानपणच्या स्टुलावर बसून राहिली. मग तिने आवाज न चढवता सांगितलं की सोमवारी ती जाणार. गाडी मिळाली तर गाडीने, नाही तर बसने. बसने गेली तर संध्याकाळी परत येईल, कारण गाडी नसलेल्या माणसाला ते ठेवून घेणार नाहीत. मग ती दुसरी नोकरी बघेल, चालत जाण्याच्या अंतरावर, आणि बाबांना काही तपासायला लागणार नाही.

काटेवाले हातातला काटा पुसत राहिले. तो केव्हाच स्वच्छ झाला होता. शेवटचं वाक्य त्यांना ऐकायला गोड वाटलं होतं, आणि गोड वाटलं म्हणून त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुमची पद्धत चुकली. तुम्ही पाच वजनं पाच वेगवेगळ्या दिवशी तोललीत. एका वेळी, एका हवेत, शेजारी शेजारी ठेवून कुठे तोललीत?"

हे मात्र काटेवाल्यांच्या वर्मी लागलं. नोकरी, बस, दुसरी नोकरी, या सगळ्याने जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खरंच की. उस्तादांनी कानाखाली वाजवली असती. रविवारी सकाळी पाचही यंत्रं एकदम लावायची, गाडी मुलीने चालवायची, आणि जो काही निकाल लागेल तो लागेल, असं ठरलं.

रविवारी सकाळी दहा वाजता निळी गाडी बाजारात उभी होती. काचेवर पाच यंत्रं रबरी चकत्यांनी चिकटवलेली. मुलीला रस्ता दिसावा म्हणून चौथ्याला, त्या पाटीएवढ्याला, डावीकडे कोपऱ्यात सरकवावं लागलं होतं. बॅटरीवाला ओरखडे पडतात का ते बघायला आला होता आणि बरोबर येऊ का असं विचारत होता, पण मागच्या सीटवर बायको, दोन पिशव्या आणि डिकीत न मावलेली घोंगडी होती. काटेवाले शेजारच्या सीटवर वही उघडून बसले. पाय पायपुसण्याच्या भोकावर.

गाडी निघाली. पोस्टाच्या अलीकडे पाचही यंत्रं डावीकडे म्हणाली, पण एकदम नाही. मुख्याध्यापिकेने सुरुवात केली, मवाळ बाईने तिचं वाक्य मध्येच उचललं, शिट्टीवाल्याने शिट्टी मारली, महागड्याने आधी वेग सांगितला. बायको मागून म्हणाली की माहेरी सगळे जेवायला बसले की असंच ऐकू यायचं. काटेवाल्यांनी वहीत पाच बरोबरच्या खुणा केल्या.

मग टाकी दिसू लागली. मुख्याध्यापिका म्हणाली, उजवीकडे वळा. मवाळ बाई म्हणाली, पुढे उजवीकडे. चौथं म्हणालं उजवीकडे, पाचवं म्हणालं उजवीकडे, दुसऱ्याने उजवा बाण दाखवून लांब शिट्टी मारली. आणि त्या सगळ्यांच्या वर आवाज काढून काटेवाले म्हणाले, "सरळ."

मुलीने चौकाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. गाडीत एकदम शांतता झाली. फक्त महागडं यंत्र आपला वेग शून्य असल्याचं सांगून गप्प बसलं.

"बाबा," ती म्हणाली, "सहा झाले."

काटेवाल्यांना आधी कळलंच नाही. त्यांनी काचेवरची यंत्रं मोजली. पाच होती. मग त्यांना कळलं, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

ते म्हणाले की तो रस्ता बंद आहे. खणलाय. पाइप घालतायत. मुलीने विचारलं, कधी खणलाय? ते म्हणाले, अगं, तुला घरी आणलं त्या दिवशी. इस्पितळातून आपण निघालो, ही मागे तुला घेऊन बसलेली, आणि इथे आलो तर उजवीकडे हा एवढा खड्डा, लाल कापड लावलेलं. मी म्हटलं धक्का बसायला नको. सरळ गेलो, शाळेला वळसा घालून. हळूहळू. माणूस चालेल इतक्या हळू. बोलता बोलता त्यांचे दोन्ही हात समोर आले होते आणि त्यांनी हवेत काहीतरी उचलून धरलं होतं.

मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "अहो, तो खड्डा महिन्याभरात बुजला. मी सव्वीस वर्षं तिथूनच भाजी आणतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, तपासू."

काटेवाले वहीकडे बघत राहिले. चाळीस पानं. प्रत्येक पानाच्या तळाशी सुंदर अक्षरात तोच शब्द. चूक खरीच होती, फक्त ज्याच्या नावावर लिहायला हवी होती त्याच्या नावावर लिहिलेली नव्हती. त्यांना उस्तादांचा दुरुस्तीचा डबा आठवला, पत्र्याचा, झाकण वाकलेला. त्यात स्वतः कसे मावणार याचा त्यांनी क्षणभर विचारही केला.

मग ते म्हणाले, "वळ उजवीकडे."

रस्ता चांगला गुळगुळीत होता. दोन्ही बाजूंना झाडं, एक लोहाराचं दुकान, भाजीची ओळ. भाजीवाल्या बाईने बायकोला गाडीतून ओळखून हात केला आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे, हाच का तो, अशा नजरेने पाहिलं. दोन वळणं झाली आणि एकदम घर आलं. तीन किलोमीटर आणि नऊशे मीटर. बाराशे मीटरचा फरक, दररोज, सव्वीस वर्षं. काटेवाल्यांनी मनातल्या मनात गुणाकार सुरू केला आणि आकडा डोंगर ओलांडून बराच पलीकडे जायला लागला तसा सोडून दिला.

या बाजूने त्यांनी आपलं घर सव्वीस वर्षांत पाहिलंच नव्हतं. खिडकी निराळीच दिसत होती. गच्चीवरून येणारा पावसाच्या पाण्याचा पाइप मधोमध फुटलेला होता. "हा कधी फुटला?" त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, त्यालाही आठ वर्षं होतील.

पाच यंत्रं एकामागून एक म्हणाली की तुम्ही मुक्कामाला पोचला आहात.

घरात आल्यावर काटेवाले वही मिटून बसले. पाचही बरोबर ठरली म्हणजे निवडायचं कसं हा प्रश्न होता तिथेच राहिला, आणि ज्या मापाने मोजायचं ते मापच सदोष निघालं होतं. त्यांनी मुलीला सांगितलं की वही फाडून टाक, तिचा काही उपयोग नाही.

मुलीने वही हातात घेतली, पण फाडली नाही. चाळू लागली. मग म्हणाली की बाबा, मला बरोबर रस्त्यावर कुठलंही यंत्र चालेल. मी चुकले तर काय, हे मला माहीत हवंय.

"चुकशील?"

"चुकणारच. नवा रस्ता, आडवाटा, एका गोठ्यासारखा दुसरा गोठा. रोज चुकेन. मी चुकल्यावर ते काय करतं, ते वहीत आहे. तुम्ही तीन आठवडे रोज चुकलात आणि घड्याळ लावून लिहून ठेवलंत. अशी परीक्षा कुठल्या कंपनीनेसुद्धा घेतली नसेल."

काटेवाल्यांनी चष्मा सारखा केला आणि वही तिच्याकडून परत घेतली. दोघं शेजारी शेजारी बसली. मुख्याध्यापिका, चुकल्यावर चार वेळा मागे वळा. नवा रस्ता, एकोणीस सेकंदांनी, तोही नाइलाजाने. दुसरं, घरापर्यंत शिट्ट्या. चौथं, हनुवटी. पाचवं, चुकल्यावर आधी नकाशा जुना असल्याचं कारण सांगतं. आणि तिसरं, ती मवाळ बाई. सगळ्या फेऱ्यांत, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तिने एकदाही मागे वळा म्हटलं नव्हतं. चार सेकंद गप्प राहायची आणि मग जिथे आहोत तिथून पुढचा रस्ता सांगायची. काटेवाल्यांनी त्याच्यापुढे तेव्हा लिहिलं होतं: 'हट्ट नाही. चूक.' त्यांनी पेन काढलं आणि त्यातला शेवटचा शब्द खोडला.

संध्याकाळी त्यांनी दुकान उघडून खणातून शिशाची बारीक गोळी आणि चिमटा आणला आणि यंत्राच्या मागच्या बाजूला तारेने आपली मोहर लावून दिली. काट्यावर लावतात तशी, तारखेसह. त्याने यंत्राची हमी रद्द होते असं बॅटरीवाल्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. काटेवाले म्हणाले, मोहर हीच हमी.

सोमवारी सकाळी साडेसहाला निळी गाडी निघाली. आईने शेवटच्या क्षणी आणखी एक पिशवी आत ढकलली. काटेवाले गाडीच्या डाव्या बाजूच्या खिडकीशी उभे राहिले. काहीतरी सांगायचं होतं. वेगाबद्दल, वळणांबद्दल, बोगद्याबद्दल. ते म्हणाले, "चुकलीस तर चार सेकंद थांब."

"बरं बाबा," ती म्हणाली आणि त्या रिकाम्या सीटकडे, पायपुसण्याच्या भोकाकडे एकदा बघून तिने गाडी सोडली.

त्यांच्या हिशेबाने तिला आठ वाजून वीस मिनिटांनी पोचायला हवं होतं. नवरा-बायको दोघंही आठ वीसला फोनकडे बघत नव्हती, इतक्या निश्चयाने की बायकोने एकच पातेलं दोनदा घासलं. साडेआठ झाले. आठ पस्तीस झाले. काटेवाल्यांनी भिंतीवरचं घड्याळ मनगटी घड्याळाशी ताडून पाहिलं. आठ एकेचाळीसला दवाखान्याच्या फोनवरून फोन आला. पोचले, ती म्हणाली. एका गिरणीपाशी चुकले होते, पण बाई काही बोलली नाही. इथे दारातच एक म्हैस माझी वाट बघत उभी आहे, ठेवते.

काटेवाल्यांनी फोन ठेवला. धंद्यात कुठलाही काटा अगदी शंभर टक्के बरोबर नसतो. दर किलोमागे इतकी चूक चालते असं सरकारनेच लिहून दिलंय. त्याला मुभा म्हणतात, आणि मुभेत बसला की काटा पास. चौऱ्याण्णव किलोमीटर, एकवीस मिनिटं. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि बायकोला सांगितलं, मुभेत बसतंय. बायको पदराने डोळे पुसत होती. तिने विचारलं की आता तरी चहा टाकू का, की आधी दूध तपासायचंय.

त्या दिवशी गाडी नव्हती, म्हणून संध्याकाळी काटेवाले दुकानातून चालत निघाले. पोस्टावरून डावीकडे. टाकीच्या चौकात त्यांचे पाय सवयीने सरळ चालू लागले आणि अर्धा रस्ता ओलांडून गेल्यावर थांबले. मागून एका सायकलवाल्याने घंटा वाजवली. ते बाजूला झाले, मनातल्या मनात चार मोजले आणि उजवीकडे वळले.

वाटेत त्यांनी भाजी घेतली. भाजीवाल्या बाईने तोलून पिशवीत टाकली. तिच्या काट्यावरची मोहर केव्हाच तुटली होती, ते त्यांनी लांबूनच पाहिलं होतं. ते काही बोलले नाहीत. फक्त घरी आल्यावर, बायकोचं लक्ष नसताना, त्यांनी टोमॅटो पुन्हा एकदा तोलून पाहिले.